लेक अकरावी सायन्सला आहे, कॉलेज प्रवेशाची तयारी कुठून सुरू करू?

प्रश्न : सर, आम्ही सेनगाव तालुक्यातले. सात एकर कोरडवाहू, प्रवर्ग ओबीसी. मुलगी दहावीला ८९ टक्के घेऊन यंदा अकरावी सायन्सला गेली. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो असे चारही विषय घेतलेत. आमच्या घरात बारावीच्या पुढं कुणी शिकलेलं नाही. कुणी म्हणतं आताच लातूरला टाका, कुणी म्हणतं बारावीचा निकाल लागू द्या, मग बघू. ॲडमिशनची तयारी नेमकी कधीपासून आणि कशी करायची?

उत्तर : भाऊ, ‘निकाल लागू द्या, मग बघू’ असं सांगणाऱ्याचं एवढं एक ऐकू नका. बाकी सगळ्यांचं ऐका आणि ठरवा तुमचं तुम्ही.

मी परभणीत ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो आणि गेली बावीस वर्षं दर जून-जुलैत प्रवेशाच्या मदत टेबलावर बसतो. त्या टेबलासमोर रडलेली बरीच लेकरं मी पाहिलीत. त्यातल्या बऱ्याच जणांना मार्क कमी नव्हते. कुणाचा कागद नव्हता, कुणाच्या कागदाची तारीख उलटून गेली होती, कुणाचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाची ऑनलाइन यादी, भलत्यानंच भरला होता. पोरानं दोन वर्षं रात्री जागून अभ्यास केला आणि जागा गेली ती बापाला न सांगितलेल्या एका दाखल्यापायी, हे बघवत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की अभ्यास लेकीनं करायचा आणि कागद तुम्ही करायचे. तुमचं काम तिच्या अभ्यासाइतकंच मोठं आहे आणि ते बारावीनंतरचं नाही, आत्ताचं आहे.

सगळ्यात आधी जात पडताळणी, म्हणजे आपण ज्याला नुसतं व्हॅलिडिटी म्हणतो ती. तुमच्याकडं जातीचं प्रमाणपत्र असेल, ते वेगळं. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, ॲग्री अशा अभ्यासक्रमांना राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. सायन्सच्या मुलांना अकरावी-बारावीतच अर्ज करता येतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीचा नमुना १५-अ जोडायचा, वंशावळीचं शपथपत्र द्यायचं आणि पुरावे लावायचे. खरी मेहनत या पुराव्यांना लागते.

ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा सगळ्यात पक्का. हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० आणि विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख धरली जाते. त्या तारखेआधी तुमचे वडील, आजोबा, चुलते किंवा आत्या शाळेत गेले असतील, तर त्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात त्यांची नोंद असते आणि जातीच्या रकान्यात जात लिहिलेली असते. त्याचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी मिळवायचा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी आधीच झाली असेल, म्हणजे चुलत भाऊ, चुलत बहीण, तर त्याची प्रत जोडा, काम बरंच हलकं होतं. मामाकडची चालत नाही. दर वर्षी कुणीतरी मामाच्या मुलाची प्रत घेऊन येतं आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं.

आता आपल्या मराठवाड्याची खास अडचण. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. शाळा-कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा, आणि त्या काळची रजिस्टरं आजही जुन्या शाळांच्या कपाटांत पडून आहेत. दोन वर्षांपूर्वी जिंतूर तालुक्यातल्या एका पोराच्या वडिलांबरोबर मी स्वतः त्यांच्या आजोबांच्या शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापक बाईंनी कपाटाच्या तळातून फडक्यात बांधलेलं रजिस्टर काढलं. पानांच्या कडा हात लागेल तिथं तुटत होत्या, शाई तपकिरी झाली होती, आणि उजवीकडून डावीकडं लिहिलेल्या त्या ओळींतलं आम्हा तिघांपैकी एकालाही अक्षर लागत नव्हतं. बाईंनी गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना बोलावून घेतलं. ते काचेचं भिंग लावून एकेक ओळीवरून बोट फिरवत गेले आणि चौथ्या पानावर थांबले. पोराच्या पंजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव, जात, सगळं जागेवर होतं. साल लिहिलं होतं १३४७. वडील घाबरले, म्हणाले हे कुठलं साल? ते फसली साल. हैदराबाद राज्यातल्या फसली सालात ५९० मिळवले की आपलं साल येतं, म्हणजे १९३७-३८. त्या एका ओळीवर पोराची व्हॅलिडिटी झाली. अशी नोंद सापडली तर रजिस्टरचा पान नंबर लिहून घ्या, पानाची प्रमाणित प्रत घ्या आणि अधिकृत भाषांतरकाराकडून मराठी भाषांतर करून घ्या.

याला वेळ लागतो. शाळा बंद पडलेली असते, रजिस्टर दुसऱ्या शाळेत गेलेलं असतं, मुख्याध्यापक रजेवर असतात. समितीचं समाधान झालं नाही तर प्रकरण दक्षता पथकाकडं जातं, ते शाळेत आणि घरी येऊन चौकशी करतात. म्हणून एक गोष्ट हात जोडून सांगतो. रजिस्टरात खाडाखोड करून देतो, मागची तारीख टाकून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारात उभं करू नका. त्यात लेकीचा प्रवेश तर जातोच, वर गुन्हा दाखल होतो. व्हॅलिडिटी वेळेत आली नाही तर काही वेळा सरकार मुदतवाढ देतं, पण ती मिळेलच असं धरून चालायचं नाही. मुदतीत कागद आला नाही की राखीव जागा हातची जाते, आणि खुल्या प्रवर्गात मार्क बसत नसतील तर प्रवेशच राहत नाही.

दुसरा कागद नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचं प्रमाणपत्र. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला एका वर्षाचा लावला तर हे प्रमाणपत्र एक वर्ष चालतं, तीन वर्षांचा लावला तर तीन वर्षं. तीन वर्षांचाच लावा. प्रवेशाच्या वेळी बघतात ते असं, की प्रवेश ज्या वर्षी घेताय त्याच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत ते चालू आहे का. अकरावीत काढलेलं आणि मार्चमध्ये संपलेलं प्रमाणपत्र घेऊन जुलैत येणारे पालक दर वर्षी असतात, आणि त्याच महिन्यात सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. शिवाय जेईई (इंजिनिअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) किंवा नीटचा (मेडिकलची प्रवेश परीक्षा) फॉर्म भरताना ओबीसी लिहायचं असेल तर केंद्र सरकारच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. राज्याच्या कागदावर ते भागत नाही, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का हेही आधी बघून घ्या.

बाकीचे कागद थोडक्यात. वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचं प्रमाणपत्र, म्हणजे डोमिसाईल, अकरावीच्या दिवाळीत काढून ठेवा. दहावीची टीसी नीट वाचा. तिच्यावर लेकीचं नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव-तालुका-जिल्हा आणि जात जशी जातीच्या प्रमाणपत्रावर आहे तशीच आहे का? आधारवर ‘सोनाली’, मार्कमेमोवर ‘सोनल’, बँकेत ‘सोनाली बाई’ असं असेल तर ते आताच दुरुस्त करा. आधार तिच्या बँक खात्याला जोडलेलं हवं, कारण शिष्यवृत्ती त्याच खात्यात येते. आणि सगळीकडं एकच मोबाईल नंबर द्या, तुमचा स्वतःचा, जो पुढची पाच वर्षं बंद पडणार नाही. नेटकॅफेवाल्याचा नंबर दिला की ओटीपी त्याच्याकडं जातो, आणि पुढचं मी खाली सांगणार आहे.

आता लातूर.

लातूरची ख्याती खोटी नाही. तिथल्या कॉलेजांनी आणि मास्तरांनी कित्येक वर्षं मेहनत करून ‘लातूर पॅटर्न’ उभा केला आणि आपल्या भागातल्या शेकडो लेकरांना डॉक्टर केलं, त्याचा मला मान आहे. पण सगळ्यांनी तिथंच गेलं पाहिजे असं मला वाटत नाही. सात एकर कोरडवाहूवर होस्टेल, मेस आणि क्लासची फी दोन वर्षं भरायची म्हणजे बहुतेक घरं कर्ज काढतात, आणि मग त्या कर्जाचं ओझं सोळा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर बसतं. ती एका टेस्टमध्ये मागं पडली तरी तिला व्याज दिसतं. माझा सल्ला असा, की पहिले तीन-चार महिने तिला हिंगोलीला किंवा जिथं आहे तिथंच शिकू द्या. जुन्या नीटच्या आणि सीईटीच्या (राज्याची इंजिनिअरिंग, फार्मसी, ॲग्रीची प्रवेश परीक्षा) प्रश्नपत्रिकांमधले झालेल्या धड्यांचे प्रश्न तिला वेळ लावून सोडवायला लावा. तिला स्वतःला बायोलॉजीचा नाद लागला, ती आपणहून पुस्तक उघडत असली, तर लातूरचा विचार करा. लोक म्हणतात म्हणून नको. आणि कुठंही घातलं तरी, ‘हजेरी लागते, कॉलेजला यायची गरज नाही’ असं सांगणारं कॉलेज टाळा. अशा ठिकाणची मुलं प्रॅक्टिकलला हात थरथरत उभी राहतात, ते मी परीक्षक म्हणून पाहिलंय.

कॉलेज बदलताना एक नियम फारसा कुणी सांगत नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात होम युनिव्हर्सिटी धरतात, आणि ती ठरते बारावी कुठून पास झालात त्यावरून. राहता कुठं, यावरून नाही. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात. म्हणजे तुमची लेक लातूरला गेली तरी तिची होम युनिव्हर्सिटी नांदेडच राहते, संभाजीनगरला गेली तर बदलते. ज्या कॉलेजांना विद्यापीठनिहाय वाटणी लागू आहे तिथं ७० टक्के जागा त्या भागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. तेव्हा पुण्याच्या कॉलेजांसाठी आपली मुलं बाहेरची ठरतात, आणि नांदेडच्यासाठी घरची.

मेडिकलमध्ये आता असं नाही. पूर्वी तिथंही विभागवार ७०-३० होतं, ते सरकारनं २०२० मध्ये रद्द केलं. आता राज्याच्या ८५ टक्के कोट्यात सगळ्या महाराष्ट्राची एकच गुणवत्ता यादी लागते, पण त्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी आणि डोमिसाईल हवं. जागाही वाढल्यात. परभणीला २०२३ मध्ये शासकीय मेडिकल कॉलेज सुरू झालं, तुमच्या हिंगोलीला २०२४ मध्ये. पण जागा वाढल्या तशी परीक्षा देणारी मुलंही वाढली, म्हणून फक्त नीट एके नीट करून बसू नका.

चारही विषय घेतलेत ते चांगलं केलंत. अकरावीत तिचं मन ठरलेलं नसताना दोन्ही दारं उघडी राहतात. दिवाळीनंतर एखादा विषय तिला खरंच झेपेना, तर सोडू द्या, पण मग कुठलं दार बंद होतंय हे तिला माहीत असू द्या. गणित सोडलं की इंजिनिअरिंग गेलं. बायो सोडलं की मेडिकल, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि व्हेटर्नरी गेलं. उदगीर आणि परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजांचे प्रवेशही नीटवरच होतात, हे पालकांना माहीत नसतं. फार्मसी आणि ॲग्री मात्र दोन्ही गटांतून करता येतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातलं बीएस्सी ॲग्री किंवा फूड टेक्नॉलॉजी याला आपल्याकडं दुय्यम समजतात, ते मला पटत नाही. शेतकऱ्याच्या लेकीला शेतीच शिकवायची का, असं बाप विचारतात. माझे कितीतरी विद्यार्थी ॲग्री करून स्पर्धा परीक्षेत, बँकेत, बियाण्यांच्या कंपन्यांत चांगले स्थिरावलेत. आई-वडिलांच्या नावचा सातबारा असला तर तिथं त्याचं वेटेजही, म्हणजे जादा गुणही, मिळतात, तेव्हा सातबाऱ्याचा ताजा उतारा फायलीत असू द्या.

एमएचटी-सीईटीबद्दल दोन गोष्टी. पेपर २०० गुणांचा. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रत्येक प्रश्नाला १ गुण, गणिताच्या प्रत्येकाला २. उणे गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीचे आणि २० टक्के अकरावीचे असतात. ‘अकरावीला काय, पास झालं म्हणजे झालं’ म्हणणारी पोरं इथं मागं पडतात. निकाल पर्सेंटाईलमध्ये लागतो, टक्क्यांमध्ये नाही. ९० पर्सेंटाईल म्हणजे १०० मुलांतली ९० तुमच्या बरोबरीची किंवा मागं आहेत, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्याच्या पोराला ९० पर्सेंटाईल आणि आपल्याला ८५ टक्के, अशी तुलना घरात करू नका. ती दोन मापं वेगळी आहेत. नीट उलट आहे. ७२० गुण, बरोबरला ४, चुकीला १ वजा. दोन्हीकडं एकाच सवयीनं पेपर सोडवला की नुकसान होतं. फॉर्म भरायचे दिवस नेमके बारावीच्या प्रॅक्टिकलच्या सुमारास येतात. लेक प्रॅक्टिकलमध्ये असते, तेव्हा तारखा तुम्ही सांभाळा. आणि डॉक्टरच व्हायचं म्हटलं तरी सीईटीचा फॉर्म भराच. बारावी बोर्डाकडं पाठ फिरवायची नाही हेही आहेच. इंजिनिअरिंगला मुख्य विषयांत राखीव प्रवर्गाला ४० टक्के आणि खुल्याला ४५ टक्के लागतात, आणि नीटच्या नादात हे गमावलेली मुलं मी पाहिलीत.

यातलं काहीच नको असेल तरी सांगा तिला, बारावीनंतर कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, नर्सिंग आहे, बीसीए-बीबीए आहे. या सगळ्यांना आता वेगवेगळ्या सीईटी आहेत आणि प्रत्येकीचा फॉर्म वेगळा भरावा लागतो.

आता तो ऑप्शन फॉर्म. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे.

तीन वर्षांपूर्वी पूर्णा तालुक्यातली एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. ९१ पर्सेंटाईल, ओबीसी, व्हॅलिडिटी हातात. तिला आणि वडिलांना वाटत होतं नांदेडला मिळेल. फॉर्म त्यांनी बाजारच्या दिवशी नेटकॅफेत भरला होता. गर्दी होती, तिथला पोरगा म्हणाला तुम्ही बसा, मी भरतो. त्यानं चाळीस कॉलेजं टाकली, स्क्रीनवर जशी येत गेली तशी, म्हणजे कोडच्या क्रमानं. या यादीत १ नं सुरू होणारे कोड अमरावती विभागाचे असतात, २ नं सुरू होणारे आपले, ६ नं सुरू होणारे पुण्याचे. साहजिकच पहिला पर्याय पडला तो अमरावती विभागातल्या एका कॉलेजचा, ज्याचं नावही या घरानं ऐकलेलं नव्हतं. पहिल्या फेरीत तिला तेच मिळालं. आणि पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. मुलगी प्रिंटाऊटवर बोट ठेवून म्हणाली, “सर, हे मी लिहिलंच नाही.” वडील खिडकीकडं बघत राहिले. त्या दिवसापासून मी ठरवलंय की माझ्या टेबलावर ऑप्शन फॉर्म कुणीही तोंडी सांगून भरणार नाही. आधी वहीवर, मग स्क्रीनवर.

२०२५-२६ च्या प्रवेशांत हा क्रम आणखी महत्त्वाचा झाला. फेऱ्या चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी मिळाला तर, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी मिळाला तर. नाकारलं की पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. तुमच्या लेकीच्या वर्षी नियमात बदल होऊ शकतो, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका उतरवून घ्या आणि बसून वाचा. पण मूळ गोष्ट तीच राहणार. यादीत वर ती कॉलेजं आणि शाखा लिहायच्या जिथं मिळालं तर आनंदानं जाल. आपल्याला मिळणार नाही असं वाटणारं कॉलेज वर लिहिलं म्हणून काही तोटा होत नाही. मिळालं तर मिळालं, नाहीतर यंत्रणा पुढच्या पर्यायावर जाते. आणि जिथं पाऊलही टाकायचं नाही ते कॉलेज यादी लांब दिसावी म्हणून लिहू नका.

कटऑफ, म्हणजे शेवटची जागा किती पर्सेंटाईलवर गेली तो आकडा, बघायची पद्धतही शिकून घ्या. या परीक्षा आणि प्रवेश बघणारं राज्याचं सीईटी सेल दर वर्षीच्या प्रत्येक फेरीचे कटऑफ जाहीर करतं. त्यात ‘एलओबीसीएच’ अशी अक्षरं दिसतात. ‘एल’ म्हणजे मुलींसाठीची जागा, मधलं ओबीसी, आणि शेवटचं ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी. शेवटी ‘ओ’ असेल तर बाहेरच्या विद्यापीठाची जागा, ‘एस’ असेल तर राज्यस्तरावरची. तुमच्या लेकीनं नांदेड विद्यापीठाच्या हद्दीतल्या कॉलेजसाठी ‘एलओबीसीएच’चा रकाना बघायचा, पुण्यासाठी ‘एलओबीसीओ’चा. लोक खुल्या गटाचा कटऑफ बघून घाबरून जातात आणि यादीतून चांगली कॉलेजं स्वतःच काढून टाकतात. मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे वहीत उतरवून ठेवायचं काम बारावीच्या मेमध्ये, परीक्षा संपल्यावर करा. दोन निवांत संध्याकाळी पुरतात.

पैशाचं सांगतो. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा आरक्षणाच्या) मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. हे वाक्य तुमच्या भावकीतल्या प्रत्येक मुलीच्या बापाला सांगा, कारण ‘पोरीला इंजिनिअर करायला पैसा नाही’ हे मी अजूनही ऐकतो. पण मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. एजंट फोन करतात, “आत्ता सीट बुक करा, स्कॉलरशिप आम्ही करून देतो”. त्यांना एकच विचारा, प्रवेश कॅपमधून आहे का? माफीतून होस्टेल-मेस सुटत नाही. त्यासाठी सरकारी वसतिगृहाचा अर्ज करा, आणि तिथं जागा मिळाली नाही तर ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी अशीच स्वाधार योजना आहे. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज दर वर्षी नव्यानं नूतनीकरण करावा लागतो. पहिल्या वर्षी भरला आणि दुसऱ्या वर्षी विसरला, असं झालं तर त्या वर्षाची फी कॉलेज तुमच्याकडं मागतं.

यापुढचं चार ओळींचं लेकीला वाचायला द्या.

बेटा, तुझे बाबा हे सगळं विचारतायत म्हणजे ते तुझ्यासाठी धावणार आहेत. तू फक्त एक कर. तुला काय आवडतं ते त्यांना खरं खरं सांग. रक्त बघून चक्कर येते आणि तरी घरच्यांसाठी मी नीटला बसले, असं मला दुसऱ्या वर्षी रिपीट करताना सांगणाऱ्या मुली भेटल्यात, आणि तोवर त्यांची दोन वर्षं गेलेली असतात. सुट्टीत एखाद्या दिवशी नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, परभणीच्या कृषी विद्यापीठात, हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात नुसती चक्कर मारून ये. तिथं शिकणाऱ्या, काम करणाऱ्या ताईंना विचार, दिवस कसा जातो. पोर्टलचा पासवर्ड तुझ्या वहीत तुझ्या हातानं लिही, आणि ऑप्शन फॉर्मचं शेवटचं बटण तूच दाब.

भाऊ, आता या आठवड्याचं काम. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, आपल्यातलं कोण कोण शाळेत गेलं होतं, कुठल्या गावात, साधारण कोणत्या वर्षी. चुलत्यांना फोन करा, त्यांच्या मुलांपैकी कुणाची व्हॅलिडिटी झालीय का विचारा. मग त्या शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. अर्जात ज्यांची नोंद हवी त्यांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि अंदाजे साल लिहा, प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मुलीच्या जात पडताळणीसाठी हवा असं स्पष्ट लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. रजिस्टर उर्दूत निघालं तर त्या पानाचा मोबाईलवर उजेडात, चारही कडा दिसतील असा फोटो काढून मला पाठवा. वाचून देणारे ते गुरुजी अजून आहेत, मी त्यांना दाखवतो.